घाबरण्याचा पगार

माझ्या नवऱ्याला घाबरण्याचा पगार मिळतो. तीर्थाच्या शाळेत मी हे पहिल्यांदा बोलले तेव्हा तिच्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना वाटलं, मी नवऱ्याची चेष्टा करतेय. अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता आणि मला तो खरा भरायचा होता, एवढंच.

अभिनंदन मगदूम, राहणार जयसिंगपूर. साखर कारखान्यातली केमिस्टची नोकरी सोडून तो अकरा वर्षं ऑनलाइन पोकर खेळतोय, आणि त्यातली सात वर्षं ‘चौकट’ नावाच्या साइटचा पगारी खेळाडू आहे. पगारी म्हणजे काय, हे मला नात्यातल्या प्रत्येक लग्नात समजावून सांगावं लागतं. लोकांना वाटतं, जिंकला तर बंगला आणि हरला तर भिकेचा कटोरा. पण साइटला टेबलावर ओळखीचे चेहरे लागतात. हॉटेलात चार माणसं जेवताना दिसली की पाचवा आत शिरतो, तसंच ते. म्हणून कंपनी अभीला तासाचा दर द्यायची. प्रत्येक डावातून साइट आपला कट कापून घेते, त्यातला अभीच्या वाट्याचा कट त्याला परत मिळायचा. मोठ्या स्पर्धांची प्रवेश फी कंपनी भरायची. बदल्यात अभीने कंपनीचा टी-शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि हरल्यावरही हसायचं. जे जिंकेल ते त्याचं. अमेरिकेची रात्र ती आमची सकाळ, त्यामुळे साडेसहाला तो वरच्या खोलीत जायचा आणि साडेदहाला खाली यायचा. उरलेला दिवस आमचा असायचा. सुखाचे दिवस होते ते. तेव्हा कळलं नाही, नेहमीसारखंच.

मग यंत्रं सोकावली. पोकर खेळणारी सॉफ्टवेअरं आधीही होती, पण ती इतकी स्वस्त आणि हुशार झाली की समोर माणूस खेळतोय की माणसाच्या कानात यंत्र कुजबुजतंय, हे कळेनासं झालं. लोक उठून गेले. निम्म्या साइट बंद पडल्या. चौकटचंही तेच झालं असतं, पण त्यांच्या कुणा संशोधकाने एक साधी गोष्ट हेरली. यंत्राच्या सल्ल्याने खेळणारा माणूस घाबरत नाही. कारण बरोबर चाल कोणती, हे त्याला आधीच ठाऊक असतं. ज्याला स्वतः ठरवायचंय, घाम त्यालाच फुटतो.

मी मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे पुढचा भाग मला अभीच्या आधी समजला. कानामागे चिकटवायची एक मसुराएवढी पट्टी आली. तिला सगळे टिकली म्हणतात. टिकली तीन गोष्टी मोजते. नाडी, कातडीतून वीज किती सहज वाहते ते, कारण घाम सुटला की ती जास्त वाहते, आणि त्या घामातलं कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं रसायन. एकटी नाडी फसवी असते, जिना चढला तरी वाढते. पण तिन्ही गोष्टी ठरावीक क्रमाने, ठरावीक अंतराने हलल्या, की ती भीती. तो क्रम मुद्दाम आणता येत नाही. नटांना बसवून पाहिलं होतं म्हणे. तेही हरले.

तर पडद्यावर टेबलावरच्या प्रत्येक चेहऱ्याशेजारी ही भीती दाखवणारा एक काटा आला. तो प्रतिस्पर्ध्यांना दिसला तर खेळच संपेल, म्हणून सगळं प्रक्षेपण पाच मिनिटं उशिराने जातं. ही पाच मिनिटं लक्षात ठेवा. आणि मग कंपनीच्या ध्यानात आलं, की लोक पत्ते बघतच नाहीत, काटा बघतात.

इथे आमच्या घराचं वाटोळं सुरू झालं, कारण करार बदलला. तासाचा दर गेला, कटातला परतावा गेला. आता पगार काट्यावर. काटा जितका वर आणि जितकी मिनिटं वर, तितके पैसे. पण कुणाचा काटा मुळातच वर असतो, मग त्याला फुकट का द्यायचे? म्हणून प्रत्येकाची एक पायरेषा ठरली. खेळाबाहेरचे वीस तास तुम्ही कसे असता, त्याची मागच्या तीस दिवसांची सरासरी म्हणजे पायरेषा. काटा मोजायचा तो तिथून. त्यासाठी टिकली रात्रंदिवस लावून ठेवायची.

अभीने करार वाचला आणि म्हणाला, “स्नेहल, सगळे जण काटा वर कसा न्यायचा ते बघत बसणार. खरा खेळ खालच्या रेषेत हाय.”

कौतुकाने ऊर भरून आला होता माझा. काय अक्कल होती तेव्हा!

पायरेषा खाली आणायची म्हणजे घरात शांत राहायचं. सुरुवात कॉफी बंद करण्यापासून झाली. मग क्रिकेट बंद. मग गाडी चालवणं. मग माझ्याशी भांडणं बंद झालं, आणि मी मैत्रिणींना ते मिरवत सांगितलं. भांडत नसलेला नवरा काय असतो, हे कळायला मला तीन महिने लागले. मी ओरडायला लागले की तो डोळे मिटून श्वास मोजायचा. रात्री जवळ गेले तर म्हणायचा, “आत्ता नको गं, रेषा हलते.” सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्याने पाठ फिरवायची ती कानामागच्या मसुरासाठी. मला इतकी लाज वाटली, की मी ते कुणाला सांगितलंही नाही.

तीर्था नऊ वर्षांची आहे. खो-खो खेळते, शाळेच्या संघात सगळ्यांत चपळ. बाप मॅचला येईना. घरी येऊन ती उड्या मारत सांगायला लागली, तर हा मान वळवून म्हणायचा, “छान, छान.” हळूहळू ती दारं आवाज न करता लावायला शिकली.

आणि याच सुमाराला आक्का जेवायला आल्या.

आक्का माझ्या सासूबाई. एकाच घरात राहतो, पण त्यांची चूल वेगळी होती. भांडणामुळे नाही, तत्त्वामुळे. अभीने कारखाना सोडला त्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, “शास्तरात सात व्यसनं सांगितल्यात, त्यात पयलं नाव जुगाराचं. तुझ्या सैपाकाला नावं ठेवत न्हाई गं पोरी. पर त्या पैशाचा दाणा माझ्या पोटात नगं.” परसदारच्या खोलीत एक शेगडी, एक पातेलं, शेताच्या खंडातून आणलेल्या तांदळाचा डबा. रोज दीड मूठ तांदूळ, सूर्य मावळायच्या आत जेवण. अकरा वर्षं.

अभीला पायरेषेसाठी काहीतरी पक्कं हवं होतं. गोळ्या चालत नव्हत्या, टिकलीला त्या लगेच कळतात. मग त्याला लहानपण आठवलं. आक्का त्याला मांडीशी घेऊन सामायिकाला, म्हणजे आम्हा जैनांच्या ध्यानाला, बसवायच्या. अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं, सगळ्या जीवांविषयी समभाव धरायचा, सुख आलं तरी हलायचं नाही, दुःख आलं तरी हलायचं नाही. यापेक्षा जास्त कंपनीला काय हवं होतं? तो दिवसातून एकदा बसायला लागला, मग दोनदा, मग तीनदा. भिंतीकडे तोंड, ताठ पाठ, मिटलेले डोळे. पायरेषा विहिरीतल्या पाण्यासारखी खाली गेली.

आक्का दारात उभं राहून बघायच्या. पंधरा दिवस बघितलं. मग एका दुपारी माझ्या ओट्याशी आल्या, वाटी पुढे केली.

“वाढ. लेक सुधारला माझा. सामायिक धरलं, पत्तंबी सुटतील. आता तुझ्या हातचं खाते.”

त्यांचे डोळे भरले होते. मला खरं माहीत होतं आणि मी आमटी वाढली. त्यांनी शेगडी घासूनपुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला दिली. मी ती ठेवली. तोंडातून शब्द काढला नाही. माझ्या हातून जे जे चुकलं, त्यात हे पहिलं.

पैसे भरपूर आले. मग अभीला दुसरी कल्पना सुचली, आणि कंपनीने ती डोक्यावर घेतली. घरातली कुठलीही बातमी, चांगली किंवा वाईट, इतर वेळी ऐकली तर वाया जाते, उलट पायरेषा वर चढवते. तीच टेबलावर असताना ऐकली तर पगारात धरली जाते. मग बातम्या साठवायला काय हरकत आहे? फोनवर फक्त माझा नंबर चालू ठेवायची परवानगी मिळाली. तीर्थाच्या परीक्षेचा निकाल, माझ्या गाठीचा रिपोर्ट, त्याच्या मावशीचं जाणं, सगळं साडेसहा ते साडेदहाच्या मध्ये कळवायचं. गाठ साधी निघाली, ते त्याला मी दीड दिवस उशिरा कळवलं. दीड दिवस तो समोर होता आणि त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर रेषा हलली असती.

एकदा तीर्था संध्याकाळी दप्तर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“पप्पा, एक सांगायचं हाय. आत्ता सांगू, का सकाळसाठी ठेवू?”

“सकाळसाठी ठेव, बाळा.”

जिल्हा संघात निवड झाली होती तिची. तिने ते कागदावर लिहून माझ्याकडे दिलं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. शरीराला घर वेगळं आणि टेबल वेगळं असं कळत नाही. दिवसातले वीस तास दगड होऊन बसणारा माणूस उरलेले चार तास दगडच राहिला. काटा उठेना. लाखाच्या डावात सगळं पुढे सारलं तरी उठेना. बातम्या पाठवल्या, नुसता थरथरला. काट्याचा करारातला किमान आकडा एका महिन्यात चुकला. सलग दोन चुकले की करार संपतो, आणि दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या साइटवर बसायचं नाही, असं कलम होतं.

कंपनीच्या निनादचा फोन आला. हा पुण्याचा, खेळाडूंचे करार बघतो, अगदी गोड बोलतो.

“अभी, प्रेक्षकांना सरळ रेषा बघवत नाही रे. हॉस्पिटलात मॉनिटरवर सरळ रेषा म्हणजे काय, माहितीये ना?”

त्यानंतर अभीने जे केलं ते बघणं फार वाईट होतं. तो भीती शोधत हिंडायला लागला. सकाळी टेबलावर बसून स्वतःच्या बापाच्या मरणाचे फोटो समोर ठेवायचा. सुई टोचून घ्यायचा. खुर्चीखाली बर्फाची बादली ठेवली आणि त्यात पाय घातले. काटा दुखणं वेगळं ओळखतो, भीती वेगळी. दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तो स्वयंपाकघरात आला, माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात गार होते आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. विनवण्या करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काही नसणं किती भयंकर असतं, ते सांगता येत नाही.

“स्नेहल, मला घाबरव. कसंबी करून. तुझ्या पाया पडतो.”

“सोडून दे की अभी. मी कमावते, आक्कांचं शेत हाय. कारखान्यात परत जा. लॅबमध्ये माणूस हवाय त्यांना.”

“मला दुसरं काय येतंय आता? कारखान्यात जाऊन काय करू? मला काही वाटतच न्हाई गं. तुझ्याशी बोलतोय, तरी वाटत न्हाई. टेबलावर वाटलं तर इकडं पण वाटंल. एकदा उठू दे तो काटा. मग सगळं नीट हुतंय.”

बुडत्याला काडीचा आधार. मी हात सोडवून घेतले. रात्रभर एकच विचार करत राहिले. ह्याला खरंच काही वाटत नाही का? माझ्यासाठी सोडा. तीर्थासाठी?

शेवटच्या दिवशी मी रजा टाकली. तीर्था शाळेत गेली. आक्का खालच्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि टीव्हीवर आवाज बंद करून चौकटचं प्रक्षेपण चालू होतं. नऊ वाजेपर्यंत काटा पायरेषेला चिकटून होता. मी फोन हातात घेतला.

मनाशी दोनच शक्यता धरल्या होत्या. बातमी वाचून अभी उठेल, जिना उतरून धावत येईल. खेळ सोडून उठला की तो महिना मोडला, करार संपला, आणि माझा नवरा मला मिळाला. नाहीतर त्याला काहीच वाटणार नाही, काटा हलणार नाही, तरीही करार संपला. मग मी दगडाला घेऊन डॉक्टरकडे जाईन. दोन्हीकडून माझाच फायदा. एवढी वर्षं पत्तेवाल्याच्या शेजारी राहून मी अशी कच्ची मांडणी केली.

नऊ अडतीसला मी लिहिलं : ‘तीर्था मैदानावर पडली. डोक्याला मार. शुद्ध नाही. मिरजेला नेतायत.’

पोटच्या पोरीबद्दल असलं लिहिणारी आई कसली? तरी पाठवलं. संदेशाखाली वाचल्याची खूण उमटली.

मी जिन्याच्या तळाशी उभी राहिले आणि कान वर लावले. त्याची खुर्ची जुनी आहे, उठताना करकरते. एक मिनिट गेलं. दोन. कदाचित चप्पल शोधत असेल. तीन. वर काहीही आवाज नाही. चौथ्या मिनिटाला मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. संपलं. काहीच उरलं नाही याच्यात. कीव आली मला त्याची, खरंच. आजारी माणसाची येते तशी. मी मनात म्हणाले, अभी, मी तुला सोडणार नाही. बरं करीन.

“काय झालं गं?” आक्का माळ खाली ठेवून आल्या. “रडालीस कशाला?”

मी त्यांना सांगितलं. थाप मारली ते, आणि का मारली ते. त्यांनी आधी छातीवर हात ठेवला, पोरगी बरी आहे ना हे तीनदा विचारलं. मग टीव्हीकडे बघून म्हणाल्या, “आन् ते लाल काय वर चाललंय?”

पाच मिनिटं झाली होती.

पडद्यावर अभीने फोन उचलला होता. डोळे ओळींवरून फिरले. आणि काटा उठला. उठला म्हणजे कसा! काटा आल्यापासून मी हे टेबल बघतेय, कुणाचाही काटा असा गेलेला पाहिला नव्हता. तिन्ही खुणा बरोबर क्रमाने, जराही खोट नाही. अभीचं तोंड उघडं पडलं. हात खुर्चीच्या दांड्यांवर गेले, अंग अर्धं उठलं. मी टीव्हीसमोर ओरडले, “ऊठ! ऊठ अभी!” जसं काही ते आत्ता घडत होतं.

त्याने काट्याकडे पाहिलं. खेळाडूला स्वतःचा काटा दिसतो, त्याच क्षणी. तो काट्याकडे बघत राहिला. मग हळूच परत बसला. फोन पालथा ठेवला, आणि पुढचे पत्ते उचलले.

त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. कोपऱ्यातला प्रेक्षकांचा आकडा धावायला लागला.

“आक्का,” मी म्हणाले, “त्याला वाटतंय. सगळं वाटतंय.”

“मग खाली का आला न्हाई?”

मग त्यांनी रेषेविषयी विचारलं आणि या वेळी मी काही लपवलं नाही. खालची रेषा, वरचा काटा, मधलं अंतर आणि त्याचा पगार. ती खालची रेषा कशाने खाली गेली, तेही सांगितलं. आक्का ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं.

“म्हंजे ते सामायिक…?”

मी मान खाली घातली. त्या परत जागेवर जाऊन बसल्या, पण माळ हातात घेतली नाही.

आम्ही दोघी पाऊण तास तशाच बसून होतो. वर जाऊन त्याला खरं सांगावं असं मला शंभरदा वाटलं. गेले नाही. प्रत्येक मिनिटाला वाटायचं, आता उठेल. या मिनिटाला उठला तरी मी माफ करीन. याही मिनिटाला. वीस मिनिटांचंसुद्धा मी माफ केलं असतं. चाळिसाचंही केलं असतं कदाचित.

साडेदहाला खुर्ची करकरली.

तो जिना जवळजवळ पडतच उतरला. एका पायात चप्पल, हातात गाडीची किल्ली, जी त्याने आठ महिन्यांत हाती धरली नव्हती. तोंड रडून सुजलेलं. असा जिवंत अभी मी किती दिवसांनी बघत होते!

“चल! कुठल्या दवाखान्यात? शुद्ध आली का? अगं बोल की! तू इथं का बसलीयास?”

“ती शाळेत हाय. बरी हाय. काही झालेलं न्हाई.”

तो भिंतीला धरून खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. माझा हात त्याच्या डोक्याकडे गेला होता. पण त्याने वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर टेबलावरचा माणूस आला.

“थाप व्हय? मला वाटलंच हुतं. म्हणून तर उठलो न्हाई.”

मी टीव्हीकडे बोट केलं.

पडद्यावर अजून दहा पंचवीसच होते. तिथला अभी अजून बसलेला होता. डोळ्यांतून पाणी गळतंय, पत्ते नीट लावतोय, आणि शेजारी काटा टोकाला टेकलाय. खाली दाराशी बसल्या बसल्या अभीने त्या अभीकडे बघितलं. तो काटा खोटं बोलत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? ज्याला थाप आहे हे कळलेलं असतं, त्याचा काटा उठत नाही. साइट उभी आहे ती त्याच एका गोष्टीवर.

“तू हुतीस की तिथं,” तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. “डॉक्टर असणार. मी येऊन काय करणार हुतो? बावन्न मिनिटांनी काय फरक पडणार हुता, स्नेहल?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. निनादचा संदेश होता : ‘वहिनी, कमाल! वर्षाचा विक्रम! पुढच्या महिन्यापासून तुमच्याशीही वेगळा करार करू या का?’

मी तो त्याला वाचून दाखवला. मला वाटलं, आता तरी तो चिडेल. फोन फोडेल. टिकली उपटून फेकेल. त्याचा चेहरा लाल झाला, हात कापायला लागले, ओठ काहीतरी बोलायला उघडले, आणि त्याच्या खिशातून बारीक टुंग असा आवाज आला. साडेदहा वाजून गेले होते. खेळाबाहेरचे तास सुरू झाले होते. पायरेषा वर चढत असल्याची ती सूचना होती.

अभीने डोळे मिटले. मला नाही वाटत त्याने ते ठरवून केलं. पाय आपोआप दुमडले, पाठ भिंतीला ताठ टेकली, तळवे मांडीवर आले. एक श्वास. दुसरा. आमच्या डोळ्यांदेखत त्याचे हात कापायचे थांबले. लाली उतरली. हुंदका गळ्यात यायचा तो तिथल्या तिथे विरला. मिनिटभरात तिथे कुणी नव्हतं.

“अभ्या,” आक्कांनी हाक मारली. “अरं, अभ्या!”

त्याने ऐकलं असावं. पापणीही हलली नाही.

आक्का उठल्या. त्याच्याजवळून जाताना त्यांनी लुगडं आवरून घेतलं, त्याला लागू नये म्हणून.

“स्नेहल, माळ्यावरनं माझी शेगडी काढ.”

मी स्टुलावर चढून शेगडी काढली. त्यांनी लुगडं सोडवलं, परसदारच्या खोलीत तिच्या जागी ती मांडली, पातेलं विसळलं आणि तांदळाचा डबा पुढे ओढला. दीड मुठीचा त्यांचा हिशेब मला पाठ होता. दीड मूठ पातेल्यात पडली. मग एक छोटी मूठ. “तीर्थाची,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा डब्यात हात घातला आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

“तुझी घालू?”

बाहेर टीव्हीवर माझा नवरा अजून रडत होता. दाराशी तोच नवरा शांत बसला होता. मी मान डोलावली.

आक्कांनी मूठ पातेल्यात टाकली आणि डब्याचं झाकण लावलं.